वाऱ्यातला ओळंबा

बा, ओळखलंस का मला? न्हाई ओळखणार. जिवंत होतास तवाच एका लेकराला हाक मारायला घरातली सगळी नावं घेऊन व्हायची तुझी, आता तर जाऊन जमाना झाला. मी तुझी ती पोरगी, जी तुझ्यासंगं बांधकामावर यायची अन् भिंत सरळ आहे का बघायला तू सोडलेल्या ओळंब्याखाली उभी राहायची. तुला अक्षर येत नव्हतं, मलाही येत नाही, म्हणून मी सांगून राहिले अन् माझी नात लिहून राहिली. मधेमधे ती माझी भाषा सुधारते. तिकडं लक्ष देऊ नकोस.

आम्ही दोघी सध्या लातूरला असतो. डॉक्टर व्हायचं म्हणून पोरं इथं खोल्या घेऊन राहतात, क्लास करतात. नायगावचं घर सुनेवर टाकून मी हिला भाकरी करून घालायला आले. गल्लीत बघावं तर प्रत्येक खोलीत एक पुस्तकात डोकं घातलेलं पोर अन् त्याच्यामागं परातीवर वाकलेली एक म्हातारी. परवा ही क्लासवरून आली ती थेट कपडे काढून पिशवी भरायला बसली. एकच गणित तिसऱ्यांदा चुकलं होतं. म्हणाली, "मला न्हाई जमत, आजी. रविवारी पप्पांना गाडी घेऊन बोलाव. आपण गावाकडं जाऊ." मी म्हणाले, "जाऊ की. पण कशापायी आलो ते गावात विचारतील. मला नीट सांगून ठेव."

तर गणित असं. दोन पत्रे समोरासमोर उभे, त्यांच्या मधी दोऱ्याला टांगलेला मणी. मण्यात वीज भरलेली. पत्र्यांच्या मधी कुठंही जा, विजेची ओढ सारखीच, मण्याला एका अंगाला नेणारी. मणी जरा ढकलून सोडला तर कशाभोवती झुलेल अन् एक झोका किती वेळात पुरा होईल? हिनं लिहिलं होतं, दोऱ्याच्या नीट खाली, जसा नेहमी झुलतो तसा. मी ऐकलं अन् बा, मला उमरीचं ते गोदाम दिसलं.

दुपार आहे. तू वर परांचीवर, हातात ओळंब्याची दोरी. खाली मी, मान वर करून उभी. उघड्या रानाकडून वारा एकसारखा येतोय, थांबत नाही, वाढत नाही. ओळंबा इकडून तिकडं झुलतो, झुलतो अन् हळूहळू गप होतो. तू विचारतोस, "ठरला का गं?" मी म्हणते, "ठरला." त्या हिशेबानं तू विटांचे तीन थर चढवतोस. सांजच्याला वारा पडतो, ओळंबा आपल्या खऱ्या जागी येतो अन् भिंत त्याच्याशी फटकून उभी. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "काय मिस्त्री, डोळे गेले का?" तू म्हणालास, "हाव, माझी नजर चुकली." थर उतरवताना मला तेवढं बोललास, "गप झाला म्हंजे सरळ झाला न्हाई, माय. आधी वारा बघावा."

मी हिला उठवलं. टेबलपंखा लावला. तो मान हलवत होता, मागची कळ वर ओढून त्याला एका जागी बसवलं. लसणाचा गड्डा दोऱ्याला बांधून समोर धरला. गड्डा तिरपा झाला. बोटानं ढकलला तर त्या तिरप्या जागेभोवतीच झुलायला लागला, नीट खाली यायचं नावच घेईना. ही बघतच राहिली. मग वही ओढून आकृती काढली, बाण काढले अन् मला सांगायला लागली: "जमीन खाली ओढती, वीज बाजूला ओढती. दोघींची मिळून एक तिरपी ओढ होती. मणी तिलाच खाली समजतो, आजी. अन् ही ओढ नुसत्या जमिनीच्या ओढीपेक्षा जास्त, म्हणून झोका लवकर पुरा होतो." मी म्हणाले, "हे माझ्या बाला ठाऊक होतं. फक्त त्याला मार्क कोणी दिले न्हाईत."

मग खरं काय ते बाहेर आलं. ही म्हणाली, "वीज बाजूला ओढती हे मला दिसलं होतं, आजी. पण आकृती काढायचा कंटाळा आला, म्हणून दडपून लिहिलं." जमत नव्हतं असं काही नाहीच. पण मी हिला कुठल्या तोंडानं रागवू? कारण बा, त्या दिवशी माझा परकर सारखा पायाला चिकटून फडफडत होता. वारा मला चांगला कळत होता. मान दुखत होती, भूक लागली होती, म्हणून मी म्हणाले, ठरला. तू सगळ्यांसमोर बोल खाल्लास अन् मी जवारीची भाकरी.

हे तुला पाठवणार नाही. ह्याच कागदाच्या पाठीवर हिनं तेच गणित पुन्हा सोडवलंय अन् सोमवारी क्लासला दाखवायचं म्हणते. पिशवीतले कपडे निघून दोरीवर गेले, ते मी डोळ्यांनी बघितलं. आता लिहिणं पुरे, बाई, तुझ्या आईला फोन लाव. म्हणावं, रविवारी गाडी नको. बसवाल्याकडं जवारीचं पीठ, आमटीला येसर अन् शेंगदाण्याची चटणी द्या. धपाटेही द्या, चांगले जाड, अन् मागच्यावाणी मीठ विसरू नका.