श्रावीचे घुंगरू

प्रिय मिनल,

श्रावीचे घुंगरू दुकानात अठराशेला मिळाले. पण दोनशे घुंगरू एकेक गाठ मारून दोरीत ओवायला तुझ्या आईच्या चार दुपारी गेल्या आणि बोटांना फोड आले, तेही धर.

लकडगंजात, लाकडाच्या वखारीवर, चाळीस वर्षं मी नुसती टिचकी मारून लाकूड आतून पोकळ आहे की नाही ते सांगतो. त्यामुळे कथकच्या क्लासबाहेर, बंद दाराशी बसूनसुद्धा पंधरा पोरींतून आपल्या श्रावीचे घुंगरू मी बरोबर ओळखायचो. तुला हैदराबादला फोनवर तेच ऐकवायचो. तुला शिकता आलं नाही ते लेक शिकून राहिली, म्हणून तू रडायचीस.

काल क्लासच्या बाई बाहेर आल्या. "काकाजी, श्रावी महिनाभर काहून आली नाही?"

मी म्हटलं, "आतच तर नाचून राहिली!"

शेवटी ती त्याच इमारतीत वरच्या माळ्यावर सापडली; रोज मी चपला काढून बसेपर्यंत मागच्या जिन्यानं तिथेच जायची. जिम्नॅस्टिक्सच्या गादीवर, हातांवर उलटी उभी. तशीच म्हणाली, "आबाजी, आईले सांगू नका ना. मले हेच आवडते. घुंगरू क्लासमधल्या काजलले देले, तिच्याजवळ नव्हते."

इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. उलटं उभं राहून आपण सगळे कसे दिसतो, हे मला तिला विचारायचंच आहे. पण दिवाळीला तू तिचा नाच बघायला येणार, म्हणून हे पत्र दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खिशातच ठेवलं.

महिनाभर तू फोनवर ऐकलेस ते पाय काजलचे होते.

तुझा,
बाबा