दुसरा हात मोकळा

दादा, तलवार उंबऱ्याच्या दगडावर ठेवल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. ठण्ण, एकदाच, आणि मग दगडात मुरत गेलेली बारीक थरथर. शाळेत गुरुजी कवितेच्या ओळीचं शेवटचं अक्षर लांबवायचे आणि ओळ संपली तरी ती वर्गात थोडा वेळ राहायची, तसा तो आवाज. तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली. तो दगड काढून आम्ही फरशी बसवली. तरी दुपारी ओसरीवर डोळा लागला की आधी सपासप वार ऐकू येतात, कोणीतरी गुरासारखं ओरडतं, मग ठण्ण, आणि मी दचकून उठतो. तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझ्या पुस्तकातल्या कवितासुद्धा मीच मोठ्यानं वाचायचो आणि तुम्ही बैलाला वैरण टाकत ऐकायचात. म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचण्याचा प्रश्नच नाही. पण उद्या मोजणी आहे, आणि घरात आज बोलण्यासारखं कोणी राहिलेलं नाही.

त्याच बांधाची मोजणी. तुम्ही आणि तुमचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, ज्या बांधावर रक्त सांडत आलात, तोच. आता तिथं ज्वारी नाही, सोयाबीन आहे, एवढाच फरक. गेल्या महिन्यात तिकडच्या, काकांच्या घरच्या पोरांनी माझ्या लेकाला लोखंडी गजानं मारलं. कानामागं टाके पडले, उशी रक्तानं भिजून कडक झाली. त्यानंही तिकडच्या एकाचं मनगट मोडलं. मग दवाखान्यातून आल्या आल्या त्यानं माळ्यावरून तुमची तलवार काढली. दसऱ्याला हळदकुंकू लावून परत गुंडाळून ठेवायची ती तलवार. सेनगावला नेऊन तिला धार लावून आणली आणि दारामागं उभी केली. भाकर मोडताना म्हणतो, "उद्या खुणांचे दगड रोवू द्या. एक तरी मुडदा पडतोच." आणि कालवणात भाकर चुरतो. मी म्हातारा, गुडघ्यातून गेलेला. माझं ऐकायला तो काय मोकळा बसलाय?

याच दिवसांत नात सुट्टीला आली. ती पुण्याला शिकते. तिचा एक खेळ आहे, तुम्हाला कसा सांगू? पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीनं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक गडी व्हायचं. मारामारी आली की फासे टाकायचे, वार बसला की चुकला ते फासा सांगतो. बोराएवढे फासे, पण बाजू इतक्या की मोजता मोजता बोट घसरतं. तिच्या मैत्रिणी मोबाइलच्या पडद्यावर दिसतात आणि गोष्ट हीच सांगते. एक गडी कमी पडत होता. मला म्हणाली, "आबा, तुमी या. तुमाला तरी इथं काय काम हाय?" पुण्याला राहून पोरगी आमच्याशी आमच्यासारखं बोलते, याचंच मला अप्रूप.

आधी माणूस बनवावा लागतो. ती विचारत गेली आणि मी सांगत गेलो. "योद्धा का मांत्रिक?"

"दोन्ही."

ती हसली. "आबा, नव्या माणसाची हीच चूक असते. दोन्ही घेतलं की दोन्हीकडं अर्धंच राहतं. बाकीचे पुढं जातेत, तुमचा गडी मागं."

हे मी आधी ऐकलेलं होतं. खळ्यावर पहाटे तुम्ही मला दांडपट्टा फिरवायला लावायचात आणि दुसऱ्या हातात ओला बांबू घेऊन उभे राहायचात. कविता म्हणत फिरव, म्हणायचात. श्वास ओळीच्या मधे तुटला की वार बसतो. मी रानाची, पाखरांची, आईची कविता म्हणत पट्टा फिरवायचो आणि जिथं दम तुटायचा तिथं तुमचा बांबू पोटरीवर बसायचा. सालटं निघायची. शाळेत पोरं कविता पाठ करायची ती गुरुजींच्या भीतीनं. माझ्या कविता पायात घुसलेल्या आहेत, आजही एखादी ओळ आठवली की पोटरी आखडते. आणि शेवटी तुमचं ठरलेलं, "अर्धा तालमीतला, अर्धा शाळेतला. अर्ध्या माणसाला कोन भेतंय रे?"

"दोन्हीच लिही," मी नातीला म्हणालो. मग तिनं सांगितलं, तलवारीला ताकद लागते, मंत्राला शहाणपण, दोन्ही भरपूर पाहिजे, नाहीतर दुसरी विद्या मिळतच नाही. मग कुठलं तरी कमी करावं लागेल. मी म्हणालो, "गोड बोलणं काढून टाक. एकदम तळाला जाऊ दे." तिनं लिहिलं. "दिसायला कसा?" उंच, काळा, पायात काही नाही. कपाळावर कुऱ्हाडीची खूण, डाव्या भुवईतून केसापर्यंत. तिनं वर पाहिलं. "आबा, ह्यो कोन हाय?" मी म्हणालो, "हाय एक. तू लिही."

एका हातात तलवार दिली, दुसऱ्यात ढाल दिली. तेव्हा ती म्हणाली, "आता अडचण हाय. मंत्र म्हणताना हातानं खूण करावी लागते. एक हात मोकळा पाहिजे. तुमचे तर दोन्ही भरले." आणि लगेच, "पण त्याला तोड हाय. एक खास गुण घ्यायचा, की मग दोन्ही हातात हत्यार असलं तरी मंत्र चालतो. समदे घेतेत."

मी म्हणालो, नको. ती म्हणाली, "काहून?" मी तिला काहूनचं उत्तर दिलं नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे.

काकांनी बांधावरची बाभूळ तोडली तो दिवस. मी कडब्याच्या गंजीमागं उभा आहे. कुऱ्हाड आधी त्यांची येते. तुमचं कपाळ उघडं पडतं, रक्त डोळ्यात उतरतं, आणि तुम्ही आंधळ्यासारखी तलवार फिरवता. काका ओरडत नाहीत, नुसते स्वतःच्या हाताकडं बघत राहतात. दोन बोटं ज्वारीच्या धसकटात पडलेली मी पाहिली, दादा. एका नखाला तंबाखूचा चुना लागलेला होता. माणसं मधे पडली नसती तर तुम्ही दुसरा वार मानेवर घातला असता. मानेकडंच हात उचललेला होता.

त्याच सांजेला काकू आपल्या दाराशी आल्या. अनवाणी, पदर खांद्यावरून पडलेला, उंबऱ्याबाहेर. "लोखंड ठेवा, भावजी. लेकराला पान लागलं." आपल्याकडं साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आणि मंत्रानं विष उतरवणाऱ्याला बोलवायला आलेल्यानं उंबऱ्याबाहेर थांबून आधी 'लोखंड ठेवा' म्हणायचं. तसं म्हटलं की वैरी असला तरी नाही म्हणायचं नाही, अनवाणी जायचं, त्या घरचं पाणी प्यायचं नाही, आणि अंगावर लोखंडाची सुईसुद्धा ठेवायची नाही. तुमच्या गुरूनं तुम्हाला मंत्राआधी हे शिकवलेलं. आई दारात आडवी झाली. "जाऊ नका. तिथं कुऱ्हाड घेऊन बसलाय त्यो. मुडदा आनायला कोन जाईल तुमचा?" तुम्ही डोक्याला फडकं बांधत होतात, तलवार अजून मांडीला टेकलेली. आईकडं बघितलं नाही, काकूंकडंही नाही. तलवार उचलली आणि उंबऱ्यावर ठेवली. ठण्ण.

मी मागं मागं आलो. तिथं काका खरंच बसले होते, हाताला चिंध्या, मांडीवर कुऱ्हाड. पोरगं सुतळीसारखं पिळवटत होतं, तोंडाला फेस. तुम्ही खाली बसलात आणि वाकलात, मान अगदी काकांच्या पुढ्यात. काका म्हणाले, "बघा, स्वतःच मान आणून दिली यानं." काकू म्हणाल्या, "घरात लोखंड हाय तवर उतरायचं न्हाई. ती बाहीर फेका." काका हलले नाहीत. त्यांनी डाव्या हातानं दांडा धरला आणि उचलला. मी डोळे मिटले नाहीत, पण ओरडलोही नाही. काकूंनी पात्यालाच हात घातला. तळवा फाटला तरी सोडलं नाही, ओढून घेतली आणि उकिरड्यावर भिरकावली. तुम्ही वर पाहिलंसुद्धा नाही. मंत्राचा श्वास मधे तुटला नाही.

पोरगं वाचलं. नात म्हणते, आबा, तो साप बिनविषारी असंल, नाहीतर दात लागून विष गेलंच नसंल. असेल. आज कोणाला पान लागलं तर मीच आधी ओरडतो, गाडी काढा, हिंगोलीला न्या, सुई टोचा. पण त्या सांजेला सुई कुठं होती? परत येताना तुम्ही मला म्हणालात, "इख उतरवलं म्हंजी बांध सोडला न्हाई. ध्यानात ठेव." आणि पुढच्या पंधरवड्यात तुम्ही दोघं परत एकमेकांची डोकी फोडून आलात. लोकांना वाटतं अशा गोष्टीनं माणसं सुधारतात. तुम्ही काही सुधारला नाहीत. तलवार मला पुरी शिकवलीत, मंत्र मात्र दिला नाहीत. मी मागितला तेव्हा म्हणालात, "तुझ्याजवळ कविता हायत की. त्यानं कुनाचं उतरतंय का बघ." थट्टा होती की देणं होतं, हे तेव्हा कळलं नाही.

परवा रविवारी दुपारी खेळात पडक्या पुलावर लढाई लागली. राक्षस समोरून येत होते. मी पुढं होतो. फासे चांगले पडत होते, दादा. एकाचा खांदा उतरवला, दुसऱ्याला पोटातून आरपार काढला. पोरी पडद्यात नाचायला लागल्या, "आबा, अजून!" म्हाताऱ्या हाताला घाम आला. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. तेवढ्यात मागं आमच्यातली एक पडली, गळ्यावर घाव. तिला उठवायचा मंत्र माझ्याकडं होता. पण दोन्ही हात भरलेले. नात म्हणाली, "आबा, आता काय करता?"

मी म्हणालो, तलवार खाली ठेवतो.

पडद्यातून कालवा झाला. "आबा, न्हाई! समोर राक्षसांचा मुकादम हाय! टाकू नका!" मी ठेवली. तिनं नियमानं तीनदा फासा टाकला आणि तीनही वार मला बसले. बरगडी गेली, मांडी फाटली, कपाळ परत उघडं पडलं. ती गोष्ट सांगताना काही वगळत नाही, नात कोणाची आहे? प्रत्येक वाराला, मंत्र तुटला का ते बघायला मी फासा टाकायचा. मंत्र म्हणून मला आठवली ती चौथीतली कविता, रानाची. मोठ्यानं म्हणालो, ओसरीवर बसून, सगळी कडवी. श्वास तुटला नाही. पोटरी मात्र आखडली. ती पोरगी उठली. माझा गडी पुलावर पडलाय, जिवंत आहे की नाही ते पुढच्या बैठकीत कळेल.

लेक दारात उभा राहून हे ऐकत होता. हसला नाही. म्हणाला, "खेळात ठेवता येती तलवार, आबा. बांधावर न्हाई." नात म्हणाली, "पप्पा, तिथं पण वार बसलेच की त्याला." "मंग?" "मंग काय? बसले तरी ठेवली." तो बाहेर गेला. आज सकाळी जीप घेऊन माणसं आणायला गेलाय. तिकडंही जीप आलेली कळते. दारामागं तलवार आहे. मी दोनदा जाऊन बघून आलो. धार लावणाऱ्यानं पात्यावरच्या तुमच्या हातच्या खाचा सगळ्या घासून टाकल्यात, आता ती कोणाचीही वाटते.

नातीला तुमचं सांगावं, लेकालाही सांगावं, असं ठरवून बसलो होतो, आणि सांगण्याऐवजी हे लिहीत बसलो.

गच्चीवरून नात हाक मारून राहिली. "आबा, तिकडचे आजोबा आलेत! एकटेच हायत. पायात चप्पल न्हाई!"

तिकडचे आजोबा म्हणजे तेच पोरगं, दादा. सुतळीसारखं पिळवटणारं. आता माझ्यासारखंच पांढरं झालंय. कळत्या वयापासून आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही, जत्रेत समोर आलं तरी मान फिरवतो. खिडकीतून दिसतोय. उंबऱ्याबाहेर थांबलाय, पाऊल आत टाकत नाही. त्याचा आवाज काकूंसारखा आहे, हे मला आज कळलं.

"भाऊ, लोखंड ठेव. बाहीर ये."

पान लागल्याचं तो म्हणाला नाही, पण ही हाक आली की नाही म्हणायचं नाही. एवढं लिहून उठतो. पत्र इथंच उशीखाली राहील. एक मात्र सांगतो, हाक ऐकली तेव्हा माझा हात आधी दारामागं गेला होता. मग तो काठीकडं नेला, तर काठीच्या बुडालाही लोखंडी टोपण. तीही भिंतीला टेकवून ठेवलीय. भिंत धरून जातो.