चालकाचं वजन

३ मार्च, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस असा गेला की परत येताना जिन्यात मी चक्क शीळ घातली. वहिनीने दार उघडून विचारलं, नोकरी लागली की लॉटरी?

माझं काम दादाला अजून खरं वाटत नाही. कंपनी व्हिडिओ गेम बनवते. सरळ रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, हिरवा दिवा लागला की सुटायचं आणि चारशे मीटरवर खेळ खलास. वळण नाही, ब्रेकचं कौतुक नाही. त्या गाड्या निवडायच्या आणि जुळवायच्या, ही माझी नोकरी. मागच्या टायरांत हवा किती, पहिला गिअर किती लांब, सुटताना इंजिनाचे फेरे किती. दादा म्हणाला, म्हणजे खेळायचा पगार? मी म्हटलं, तुला नाही का ऑफिसात झोपायचा मिळत!

तीन महिने कच्ची, मग पक्की. पक्की झाले की स्वतःची खोली बघणार. दादा-वहिनीचा जीव आहे माझ्यावर, पण मी हॉलमधल्या सोफ्यावर झोपते आणि सकाळी सहाला माझ्या डोक्याशी मिक्सर घरघरतो.

इथली एक पद्धत मात्र विचित्र आहे. जो गाडी जुळवतो तोच गेममध्ये तिचा चालक, आणि चालकाच्या रकान्यात स्वतःचं खरं वजन भरायचं. मी चोपन्न सांगितलं. आमच्या साहेब म्हणजे मॅडम, त्यांनी कपाटातून वजनकाटा काढला. अठ्ठावन्न किलो सहाशे ग्रॅम, अख्ख्या ऑफिससमोर! शेजारच्या टेबलावरचा प्रोग्रॅमर, ज्याला सगळे चष्मिस म्हणतात, गालातल्या गालात हसला. हे मी लक्षात ठेवलं आहे.

५ मार्च, बुधवार

चाळीस गाड्यांतून मी एक निवडली. निळी, बुटकी, चौकोनी कुटुंबाची वाटणारी. बाकीचे सगळे त्या लांबनाक्या, गुरगुरणाऱ्या गाड्यांच्या नादी लागलेले. पण त्यांचं सगळं ओझं पुढे, सुटताना मागची चाकं जागच्या जागी फिरतात आणि नुसता धूर होतो. बडा घर पोकळ वासा. निळीचं इंजिन मागच्या चाकांवर बसलेलं, त्यामुळे पकड आयती मिळते.

मग वजन कमी करायला घेतलं. मागची सीट काढली, गालिचा, रेडिओ, स्टेपनी काढली. आठशे साठ किलो उरली. टायर मऊ घेतले, हवा उतरवली, पहिला गिअर जरा लांब केला. संध्याकाळी वेळ आली दहा सेकंद एकोणीस शतांश. मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ही दहाच्या आत आण, पक्कं पत्र या महिन्यातच देते. अंगावर मूठभर मांस चढलं.

निघताना उरलेलं काम यंत्रावर सोपवलं. गेममध्ये आपोआप जुळवायची सोय आहे. लक्ष्य सांगायचं, ज्याला हात लावू द्यायचा नाही त्याला कुलूप घालायचं, आणि ती बसते एकेक पेच पिळत. मी इंजिन आणि टायर कुलपात घातले आणि घरी आले.

१० मार्च, सोमवार

वेळ दहा-अठरा. यंत्र चोख काम करतंय.

पण चालकाच्या रकान्यात छप्पन्न-नऊ होतं. मी अठ्ठावन्न-सहा भरलं होतं, माझ्या अब्रूचा पंचनामा होऊन भरलं होतं, ते विसरणं शक्य नाही. मी चष्मिसला विचारलं, हा काय चावटपणा? तो शपथा घ्यायला लागला. इतक्या शपथा कोण घेतं? पाणी कुठेतरी मुरतंय.

घरी आल्यावर सहज बाथरूममधल्या काट्यावर उभी राहिले. छप्पन्न-नऊ.

वहिनी डाएट विचारत होती. मी कसलं डाएट करते? जेवताना तीन वेळा वाढून घेते. आणि जीन्सचं बटण होतं तितकंच घट्ट आहे.

१३ मार्च, गुरुवार

काल निघताना कीबोर्डवर माझा एक केस आडवा ठेवला होता. सकाळी केस जागच्या जागी. म्हणजे कुणी हात लावला नाही. तरी रकान्यात त्रेपन्न-दोन.

घरचा काटा बिघडलाय म्हणावं, तर दादा उभा राहिला की एक्याऐंशी दाखवतो, नेहमीसारखे. मी उभी राहिले की त्रेपन्न-दोन. टेपने कंबर मोजली, दंड मोजले. पहिल्याइतकेच. आरशात मी तीच. फक्त वजन जातंय.

आणखी एक. सकाळी घरच्या काट्यावर चोपन्न भरलं होतं. ऑफिसात रकाना त्रेपन्न-दोन म्हणाला. संध्याकाळी घरचा काटाही तेच म्हणाला. आकडा आधी उतरतो. मी मागून उतरते.

याची घरच्यांना काही कल्पना असेल का? वहिनी हल्ली मी काट्यावर चढले की दारात येऊन उभी राहते. माझी काळजी म्हणून, की आणखी कशासाठी? छे! घरच्यांवरही संशय घ्यायला लागले मी.

१७ मार्च, सोमवार

अठ्ठेचाळीस.

डॉक्टरांनी रक्त काढलं, छाती तपासली, जीभ बघितली. सगळं ठीक म्हणाले. मग काट्यावर उभं केलं, माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, आणि आमचा काटा दुरुस्तीला द्यायचाय म्हणाले. माझी नजर मात्र टाळली.

ऑफिसची खुर्ची मी बसले की फुस्स करून थोडी खाली जायची. आता जात नाही. सोफ्यावर सकाळी खळगा नसतो. वहिनीने विचारलं, रात्री झोपली नव्हतीस का?

मला भीती वाटते आहे. हे कुणाला सांगावं?

१९ मार्च, बुधवार

चोर सापडला.

कुणी कधी काय बदललं त्याची नोंद यंत्र ठेवतं. आज ती उघडली. चष्मिसचं नाव कुठेच नाही. सगळीकडे माझं, कारण यंत्र माझ्याच नावावर चालतं. पाच तारखेला मी इंजिनाला कुलूप घातलं, टायरांना घातलं. चालकाला घालायचं राहिलं. गाडीत काढण्यासारखं दुसरं काहीच उरलं नव्हतं, म्हणून यंत्राने मला काढायला घेतलं. सीट, गालिचा, स्टेपनी, मी. हात दाखवून अवलक्षण!

हिशोब मांडला. निळी दहाच्या आत यायला चालक साडेपाच किलोचा लागेल.

ताबडतोब कुलूप घातलं. सेहेचाळीस-तीन.

२१ मार्च, शुक्रवार

दोन दिवस आकडा हललेला नाही. काटाही नाही. पण वर जाता येत नाही. कुलूप असताना रकाना बदलत नाही, आणि कुलूप काढलं की आकडा आपोआप उतरायला लागतो. एकदा काढून बघितलं. तेवढ्यात तीनशे ग्रॅम गेले.

चष्मिसला सगळं सांगितलं. तो हसला नाही. फाईलच पुसून टाकू म्हणाला. माझी पाचावर धारण बसली. गाडी पुसली तर तिच्या चालकाचं काय होईल? मी त्याला हात लावू दिला नाही.

मॅडमना सांगायला गेले. त्या म्हणाल्या, रक्तवाढीच्या गोळ्या घे, आणि निळी का अडली ते आधी सांग.

सेहेचाळीस किलोंत माणूस जगतं. मी राहीन अशीच. गाडी अडलेलीच राहू दे. पत्र नको, सोफा चालेल.

२४ मार्च, सोमवार

भर सकाळी रस्त्यावर वारा सुटला आणि मी विजेचा खांब धरला. बाकीचे लोक सरळ चालत होते.

एकतीस —

ऑफिसला फोन केला. रविवारी मॅडमनी स्वतः माझं कुलूप काढलं. निळीची वेळ उतरायला लागलेली बघून त्या खूश. चष्मिस रजेवर होता. मॅडमनी दुसऱ्याच कुणाकडून माझी जुळवणी सगळ्या गाड्यांत उतरवून घेतली. चाळीसच्या चाळीस. चालकासकट.

चाळीस यंत्रं. एकटी मी.

२५ मार्च, मंगळवार, दुपारी

स्केचपेनने लिहितेय. बॉलपेन उमटत नाही, दाब पडत नाही —

वहिनीने मला एका हाताने उचललं आणि किंचाळली. आता दादाची बॅग माझ्या मांडीवर ठेवली आहे, आत त्याची जाड पुस्तकं.

चष्मिस फोनवर आहे. सगळ्या गाड्या ज्यावर चालतात त्या ऑफिसातल्या मोठ्या मशीनपाशी पोचलाय. कुलूप घालायचा पासवर्ड मॅडमकडे, मॅडम शेजारच्या खोलीत मीटिंगमध्ये. त्या खोलीची काच ठोकतोय म्हणाला. आकडे वाचून दाखव म्हटलं. चौदा. अकरा.

साडेपाचला थांबेल ना —

नाही. तो हिशोब निळीचा. निळी सगळ्यांत हलकी. बाकीच्या गाड्या जड आहेत. त्या दहाच्या आत यायच्या तर चालक शून्य करूनही भागणार नाही. त्यांना चालक शून्याच्या खाली —

चार.

वहिनी माझे दोन्ही पाय धरून बसली आहे. रडते आहे. वहिनी, तुझ्यावर संशय घेतला, चुकलं माझं —

एक. तो ओरडतोय, मॅडम उठल्या, येतायत —

शून्य. म्हणतो आकड्याच्या आधी आडवी रेघ आली. बॅग घसरली. वहिनीचे हात सुटतायत, तिला म्हटलं आधी ती खिडकी ला