दुपारच्या सुट्टीतल्या गोष्टी

२२ जून ५९, उमरगा
गंगव्वा आज पुन्हा नाही म्हणाली. शाळेत पाणी भरते, दुपारच्या सुट्टीत रांजणापाशी बसून भाकरी खाते, तेवढाच वेळ मोकळी असते. तिच्याजवळ गोष्टींचा साठा आहे हे मुलींकडून कळलं, पण सांगायला तयार नाही. "दिवसा गोष्ट सांगू न्हाय बाई. मामा वाट चुकतोय." आता रात्री मी तिच्या घरी जाणार कशी आणि कंदिलात लिहिणार काय? लेख जुलैअखेर मासिकाकडे जायला हवा. मुख्याध्यापिका म्हणतात, छापून आला तर औरंगाबादच्या ट्रेनिंगला माझं नाव पाठवतील. परीकथा मी लहानपणी उर्दू रीडरात वाचल्या. आपल्या इकडच्या गोष्टींवर कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. मी लिहिणार.

२४ जून
हा समज तुळजापुरात आमच्या घरीही होता. दुपारी गोष्ट मागितली की आई हेच सांगून पिटाळायची. लेखासाठी झकास मुद्दा. कामाच्या वेळी पोरांनी पिच्छा पुरवू नये म्हणून बायकांनी काढलेली युक्ती. मामाच का? तर पोरांचं सगळ्यात लाडकं माणूस तो. त्याची भीती घातली की पोर गप्प. एका बैठकीत दीड पान झालं. स्वतःवर खूश.

२६ जून
तोडगा निघाला. गं.ला म्हटलं, मामा चुकतो तो ऐकणाऱ्याचा ना? मग ऐकणार मी. माझे दोन्ही मामा केव्हाच वारले, आता कोण चुकायचं राहिलंय? ती बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत बसली. शेवटी मी म्हटलं, हेही शाळेचंच काम समज. तेव्हा "बरं" म्हणाली. मी मास्तरीण झाले ते चुकलंच, वकील व्हायला हवं होतं.

३० जून
सात भावांची एक बहीण. भावजया तिला मारून पुरतात, तिथं बाभूळ उगवते. धाकटा भाऊ सावलीला गाडी सोडतो तेव्हा बाभूळ गाऊ लागते. सगळी गोष्ट मराठीत, बाभळीचं रडणं तेवढं कानडीत. मला कानडी बाजारापुरतं येतं. म्हणून चौथीच्या वर्गातून गं.ची मुलगी चन्नव्वा हिला बोलावून घेतलं. तिनं ओळी फोडून सांगितल्या. गं. मध्येच थांबली होती, मुलीकडं बघत. मी म्हटलं, थांबतेस कशाला, पुढं सांग. सांगितलं तिनं. चन्नव्वा तरतरीत आहे. उद्यापासून रोज बसवून घेते.

१३ जुलै
अकरा गोष्टी झाल्या. पैकी नऊंमध्ये शेवटी भाऊ येतो. उशिरा येतो, मळकट येतो, कधी ओळखूही येत नाही, पण येतो. नवरा एकाही गोष्टीत उपयोगी पडत नाही, हे वेगळंच. लेखात लिहिलं: 'या कथांतला भाऊ हा माणूस नव्हे, ती सासुरवाशिणीची इच्छा आहे.'
गं.नं विचारलं, "काय लिव्हलालाव बाई?" वाचून दाखवलं. तिला हसू आलं. "इच्छा कशाची? मल्लू हाय की आमचा. टरकावर असतोय."
मल्लाप्पा, धाकटा भाऊ. सोलापूर–हैद्राबाद रस्त्यावर ट्रकवर क्लीनर आहे. आईबाप गेले, माहेर म्हणायचं तर तोच. दर पंचमीला नाक्यावर उतरतो आणि बहिणीला न् भाचीला आळंदकडच्या गावी घेऊन जातो. एकही वर्ष चुकला नाही म्हणे. मी 'हो का' म्हटलं आणि पुढची गोष्ट मागितली.

२६ जुलै
लेख टपालात टाकला. शेवटचा परिच्छेद फार जमलाय. 'एका निरक्षर बाईने माझ्यासाठी महिनाभर भर दुपारी गोष्टी सांगितल्या; कोणाचाही मामा वाट चुकला नाही.' तीनदा वाचलं.

९ ऑगस्ट, पंचमी
दादा सकाळच्या मोटारीनं तुळजापूरहून न्यायला आला. बरोबर लाह्या, वहिनीनं दिलेला खण. दुपारच्या मोटारीला नाक्यावर गेलो तर गं. तिथं बसलेली. नवं लुगडं, हातभर बांगड्या, मांडीवर गाठोडं. चन्नव्वाच्या वेणीला लाल फीत. सकाळपासून बसल्यात. ट्रक आला की उठायचं, गेला की बसायचं. मला बघून म्हणाली, "भाऊ आला व्हय बाई? जावा, जावा." मी मोटारीत चढले. खिडकीतून हातसुद्धा केला.
घरी पोचल्यावर दादावर उगाच चिडले. काय तर म्हणे लाह्या सादळल्या. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? वेळेवर आला एवढाच.

१३ ऑगस्ट
परत आले. गं. कामावर आहे. मल्लाप्पा आला नाही. निरोप नाही, पत्र नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं गाठोडं सोडलं.
समजूत घालायला गेले. ट्रकचं काम, अडकला असेल कुठं. ती रांजण घासत होती, मान वर न करता म्हणाली, "चन्नी ऐकत होती की बाई."
माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ऐकणार फक्त मी, असं ठरलं होतं. ठरवलं मी आणि मोडलंही मीच, चार दिवसांत, चार ओळींच्या कानडीसाठी. म्हटलं, अगं मग तेव्हाच का नाही बोललीस? तर म्हणाली, "तुमी शाळेचं काम म्हनलाव. कामाला न्हाय कसं म्हनावं?"
आवाजात राग नव्हता. 

२३ ऑगस्ट
रविवार. नाक्यावर जाऊन ट्रकवाल्यांना विचारलं. डोक्यावर पदर घेऊन मास्तरीणबाई ट्रकवाल्यांत उभी, लोक बघत होते. एकजण म्हणाला, मल्लू मालकाशी भांडून दुसऱ्या ट्रकवर गेला, विजयवाड्याकडं. दुसरा म्हणाला, हैद्राबादेत तापानं पडलाय असं ऐकलं. तिसरा म्हणाला, कोण मल्लू? गं.ला फक्त पहिलं सांगितलं.
रात्री संपादकांना पत्र. शेवटचं वाक्य कृपया गाळावं.

७ सप्टेंबर
संपादकांचं कार्ड. लेखाची पाने छापून झाली आहेत, आता बदल शक्य नाही. शिवाय 'ते वाक्य तर लेखाचा कळस आहे, आपण ते का गाळू इच्छिता हे समजले नाही.'
मला तरी कुठं समजलंय? दुपारच्या गोष्टीनं ट्रक रस्ता चुकतो, असं मी मानत नाही. आजही नाही. पण मग रात्री दीड दीड वाजेपर्यंत जागी का असते? गं. भावासाठी काय करू शकत होती? पत्र लिहिता येत नाही, त्याचा पत्ता नाही, पैसा नाही. एवढंच करू शकत होती की दिवसा गोष्ट सांगायची नाही. ते तिनं इतकी वर्षं पाळलं आणि तो इतकी वर्षं आला. भीती घालायची युक्ती म्हणे. दीड पान लिहिलं मी, आणि हे एवढं साधं दिसलं नाही. तिची राखण होती ती. मी ती हुशारी करून काढून घेतली, वर तिला चहासुद्धा पाजला नाही.

२९ सप्टेंबर
गोष्टी बंदच आहेत. मी मागत नाही. मुली सांगतात की गंगव्वा हल्ली रात्रीही गोष्ट सांगत नाही. मुलींनी फार पिच्छा पुरवला तर म्हणते, सरल्या.

१७ ऑक्टोबर
अंक आला. नाव ठळक छापलंय. ट्रंकेत तळाशी ठेवून दिला, पण शाळेलाही एक प्रत आली होती. मुख्याध्यापिकांनी भर प्रार्थनेत कौतुक केलं. ट्रेनिंगचा फॉर्म हातात दिला. आणि मायेनंच, त्यांना काय माहीत, शाळेची प्रत चन्नव्वाला दिली. म्हणाल्या, "तुझ्या आईच्या गोष्टी छापून आल्यात, तिला वाचून दाखव."


१९ ऑक्टोबर
दुपारची सुट्टी. रांजणापाशी मायलेकी. चन्नव्वा ओळीखाली बोट धरून वाचत होती. मी खांबाशी उभी. अडवता आलं असतं, पुढचं मी वाचते म्हणून अंक घेता आला असता. नाही घेतला. खोटं वाचायची हिंमत नव्हती आणि खरं वाचायचीही. शेवटचा परिच्छेद आला. पोरीनं एकही अक्षर न चुकता वाचलं, मीच शिकवलंय तिला. कोणाचाही मामा वाट चुकला नाही.
गं. म्हणाली, पुन्हा वाच. तिनं पुन्हा वाचलं.
मग माझ्याकडं वळून म्हणाली, "हे छापल्यालं हाय न्हवं बाई? छापल्यालं खोटं असतंय का?"
सांगायला हवं होतं की हे मी पंचमीच्या आधी लिहिलंय. तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. लेख चांगला दिसावा म्हणून लिहिलं. हे सगळं जिभेवर होतं. तिच्या चेहऱ्याकडं बघून मी म्हटलं, "नसतं."
तिनं ते पान मागितलं. शाळेची प्रत होती, तरी मी फाडून दिलं. बारीक घडी करून पदराच्या गाठीत बांधलं तिनं.

२२ ऑक्टोबर
फॉर्म अजून कोरा. मल्लाप्पाचा पत्ता नाही. आज पहाटेही नाक्यावर जाऊन आले, कुणाला काही माहीत नाही.
सुट्टीत बघते तर गं.नं आपण होऊन चन्नव्वाला जवळ बसवलेलं, भोवती पाच-सात मुली, आणि भर उन्हात गोष्ट चाललेली. मला हाक मारली. "या की बाई, लिव्हा. आता भ्याव न्हाय." किती महिन्यांनी हसली. वही आणली, पण उघडली नाही. गोष्ट नवी होती, मी न ऐकलेली. बहीण डोंगराकडं बघत बसलेली, भाऊ घरून निघालेला, वाटेत नदी. मुली पुढं पुढं सरकत होत्या. पुढचं मला ऐकवेना. उठले आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी घंटा दिली.