वाळूत झोपवलेली बाहुली

ताई,

तुला लांबूनच वाकून नमस्कार. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते, खोलीत ऊनही येतं. गुडघ्याचं औषध घेतेस, की बाटली नुसती फळीवर मिरवतेस? भावजींचा खोकला थांबला का?

माझं काम म्हणजे धसका घेतलेल्या मुलांशी खेळणं. हसू नकोस. त्यांना जे सांगता येत नाही, ते खेळण्यांतून बाहेर येतं. मुलं मला ‘हेडबाई’ म्हणतात.

एक सहा वर्षांची आहे. आगीत आई गेल्यापासून ती बोललेली नाही. पण रोज मोठ्या बाहुलीला वाळूच्या पेटीत झोपवायची, गळ्यापर्यंत वाळू पांघरायची, आणि दुसऱ्या दिवशी आल्याआल्या ती आहे ना, ते बघायची. मी पडले शिस्तीची. शनिवारी पेटी आवरली, बाहुली धुऊन कपाटात ठेवली.

सोमवारी तिने दोन्ही हातांनी सगळी वाळू उपसली. मी लगबगीने बाहुली पुढे धरली, “अगं, ही बघ, इथे आहे.” तिने हात झटकले आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

माझ्याबरोबर काम करणारी मुलगी म्हणते, “बाई, तिला वेळ द्या.” आज नववा दिवस. मी रोज बाहुलीला तशीच वाळूत झोपवते आणि तिच्या पाठीमागे जमिनीवर बसते. माफीही मागितली. ती वळत नाही.

तुझा भातुकलीचा पसारा मी आवरला, की तू रडून घर डोक्यावर घ्यायचीस. ही रडतसुद्धा नाही गं.

तुझी,
धाकटी