एक मिनिट चाळीस सेकंद

मंगळवार, ४ फेब्रुवारी

राजसने आज माझा हात मोडला. डावं मनगट. उजव्याने लिहितोय.

अकरा वाजता रेकॉर्डिंगला बसलो होतो. अंध मुलांच्या शाळेसाठी सातवीचं विज्ञान हिंदीत वाचून देतो — निवृत्तीनंतर हेच एक काम. माझा जुना विद्यार्थी सुश्रुत, त्याने लॅपटॉपवर ऑडासिटी टाकून दिलं. फुकट, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं, कुणीही वापरावं. सदुसष्टाव्या वर्षी मला ते जमलं याचा अभिमान आहे. अकरा ते एक घरात आवाज नको, एवढंच माझं मागणं. कुकर नाही, टीव्ही नाही, फोन नाही.

आज धडा निम्मा झाला आणि स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला. बाहेर गेलो, बंद करायला सांगितलं. राजस त्याच्या खोलीतून धावत आला तो थेट अंगावर. सव्वीस वर्षांचा घोडा. डिसेंबरात अमौसी विमानतळावरची नोकरी गेली — एअरलाइनच्या काउंटरवर होता — तेव्हापासून घरातच. माझा हात पिरगाळला आणि मला फ्रिजवर आपटलं. कट्‌ असा आवाज आला. मला वाटलं काहीतरी पडलं.

पोटच्या पोराने.

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कैसे हुआ? माझ्याआधी बायको, मनीषा, बोलली — बाथरूम में फिसल गए. जराही अडखळली नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग त्या दिवशी चालूच राहिलं होतं. आज लॅपटॉप उघडला तेव्हा कळलं. बावन्न मिनिटं. पडद्यावर धड्याच्या शांत, बुटक्या लाटा. मग एकदम उंच टोकं, पट्टीच्या बाहेर गेलेली. मी ओरडलो ती जागा. तिथूनच पुढचं ऐकलं.

राजस — "छोड़ूँगा नहीं आपको. आज नहीं छोड़ूँगा." मग धाप. मग माझं विव्हळणं. स्वतःला असं ऐकणं फार वाईट.

सांगलीला माधवला फोन केला. धाकटा भाऊ, पण अशा वेळी तोच आठवतो. म्हणाला, "दादा, फाईल सरळ पोलिसांना दे. आज हात मोडला, उद्या जीव घेईल." मनीषा दारात उभी राहून ऐकत होती.

रविवार, ९ फेब्रुवारी

राजसला फाईलचं कळलं. नाश्ता चालला होता. मागून आला, मानगूट धरली आणि माझं तोंड टेबलावर दाबलं. चहा लवंडला. गाल भाजला.

"पूरा सुना है आपने? शुरू से?"

मी म्हणालो, मला गरज नाही.

त्याने मला सोडलं. मग खुर्ची उचलून भिंतीवर घातली. तिसऱ्या दणक्याला तिचे पाय निखळले. समोरच्या बाल्कनीतून शुक्लाजी बघत होते. राजस हातात एक पाय घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, संपलं. पण तो आईला म्हणाला, "चलो न मम्मी, कहीं भी." ती खाली बसून तुकडे गोळा करत होती. मान हलवली — नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

फाईल साफ केली. आधी नुसती फ्रिजची घरघर निवडून दाखवायची — हा गोंगाट. मग ऑडासिटी सगळीकडून तेवढंच उचलतं. आवाज स्वच्छ आले. भांडणाच्या सुरुवातीचा नको तो भागही काढला. एका हाताने वेळ लागला. जोड कुठे आहे हे माझं मलाही ऐकू येत नाही.

पेन ड्राइव्हवर घेतली.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ठाण्यात गेलो. दरोगा, म्हणजे इथला फौजदार, तरुण आहे, आर्यन नाव. फाईल ऐकली, प्लास्टरकडे बघितलं, म्हणाला, "अंकल, आप चिंता मत कीजिए." दुपारी राजसला आणलं. माझ्यासमोरच दोन थोबाडीत दिल्या. ओठ फुटला. "बाप पर हाथ उठाता है?" मग शिपायाने पट्टा काढला, पोटऱ्यांवर. मी खुर्चीत बसून होतो. थांबवलं नाही. खरं लिहायचं तर — बरं वाटलं.

राजसने एक शब्दही काढला नाही. त्याला नेताना माझ्याजवळ थांबला.

"अब मम्मी अकेली है आपके साथ," म्हणाला. एवढंच.

शनिवार, १५ फेब्रुवारी

राजस जेलमध्ये. जामीन अजून नाही. घरात आवाज नाही. तीन धडे रेकॉर्ड केले. मनीषा वरण शिजवते तेही पातेल्यात. ताट ठेवते, जाते.

सोमवार, १७ फेब्रुवारी

दरोग्याचा फोन. कोर्टासाठी मूळ फाईल लागेल, लॅपटॉपसकट. आणि मी सही करून द्यायची की हिच्यात काहीही बदल केलेला नाही.

सुश्रुतला विचारलं, काही छाटलं असेल तर कळतं का? "लॅबमध्ये कळू शकतं, सर. पण तुमच्याकडे मूळ प्रोजेक्ट असेलच ना? तेच द्या." आहे. साफ केली ती प्रत, मूळ प्रोजेक्टला मी हात लावला नव्हता. हेडफोन लावले आणि प्रथमच सुरुवातीपासून ऐकलं.

काढलेला भाग एक मिनिट चाळीस सेकंदांचा. तो फाईलमधून काढण्याआधी मी इथून काढला होता. चार तारखेला इथे लिहिलं, बंद करायला सांगितलं. मी सांगितलं नव्हतं. मिक्सर मनीषाने लावला होता — राजसच्या डब्यासाठी चटणी, त्याला मुलाखतीला जायचं होतं. मी गेलो आणि तिच्या कानाखाली मारली. मग पुन्हा. मग केस धरून डोकं ओट्यावर. मिक्सर चालूच आहे, त्यामागे हे तीन आवाज नीट मोजता येतात. ती ओरडत नाही. अगदी रोजच्या आवाजात म्हणते, "अहो, कानावर नको, ऐकू येत नाही मला त्या बाजूने."

मग राजसची पावलं.

त्याने माझा हात धरला तो तिच्या केसांत होता.

त्या बाजूने तिला ऐकू येत नाही, हे मला माहीत नव्हतं. विचारलं — कधीपासून? भाजी निवडत होती. म्हणाली, "ऋचाच्या वेळेपासून." ऋचा आमची थोरली. तीस वर्षांची आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लॅपटॉप घेऊन ठाण्यात गेलो. मनीषा म्हणाली, मी येते. वाटलं, माझ्यासाठी येतेय. दरोग्याने पूर्ण फाईल ऐकली. मग म्हणाला, "अंकल, घर का मामला है. लड़के से समझौता कर लीजिए, बात ख़त्म." आणि मनीषाकडे वळून, समजुतीच्या सुरात — "माताजी, तीन ही तो हैं. ग़ुस्से में हो जाता है."

मनीषाने डोक्यावरचा पदर काढला, चांगला कान त्याच्याकडे केला, त्याला पुन्हा बोलायला लावलं. मग म्हणाली, "तीन इसमें हैं. शादी को इकतीस साल हुए. लिखिए, मैं बोलती हूँ."

त्याने नवा कागद घेतला. वर माझं नाव लिहिलं.