वाडीवरची वीस मुलं

आप्पा,

त्या वर्षी आषाढात मी पोलादपूरला आले ती तुम्हाला भेटायला नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं असणार. ट्रंकेत कपड्यांपेक्षा छापील कागद जास्त होते. मुंबईत मी मानसशास्त्र शिकत होते आणि प्रबंधासाठी मला मुलांची बुद्धी मोजायची होती. ऐकलेले आकडे उलटे म्हणायचे, दोन वस्तूंतलं साम्य सांगायचं, असले प्रश्न. महाडची वीस मुलं झाली होती. आता कुडपणच्या वाटेवरच्या वाडीतली वीस हवी होती. तुम्ही मराठी शाळेचे मास्तर, सातवीची फायनल पास. त्या वाडीच्या मास्तरांना तुम्हीच निरोप धाडलात आणि भर पावसात माझ्याबरोबर चढलातही तुम्हीच.

शाळा देवळाच्या पडवीत भरते. मी कागद पसरून बसले आहे आणि एकेक मूल समोर येतं आहे. कुणी हिवतापातून नुकतंच उठलेलं, कुणाला खोकला, कुणी इतकं लहान की मास्तरांनी सांगितलेलं वय खरं वाटू नये. मी सगळं बघते आणि तरी आकडे लिहीत जाते. उतरताना वरकस जमिनीच्या उतारावर नाचणीची लावणी चाललेली. इरल्याखालून एक बाई वर बघून विचारते, "बाय, शालंत कुनाला इचारलंस गो? आमची पोरं तं हितं चिखलात हायत. तिकडं कोन नाय, तापकरी तेवढी धाडलीत." मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

आई गेल्यापासून स्वयंपाक तुम्हीच करायचात. त्या संध्याकाळी चुलीपाशी मी तुम्हाला माझं गणित समजावून सांगत होते. सगळ्या मुलांना कुणी तपासू शकत नाही, म्हणून थोडी घ्यायची आणि त्यांच्यावरून सगळ्यांबद्दल बोलायचं. आधी असं धरून चालायचं की महाडच्या आणि डोंगरावरच्या मुलांत काही फरकच नाही. मग बघायचं, फरक नसताना नुसत्या योगायोगाने आपल्या आकड्यांत एवढं अंतर पडलं असतं का? माझ्या आकड्यांत डोंगरावरची मुलं मागे होती आणि ते अंतर योगायोगाने पडण्याजोगं नव्हतं. म्हणजे फरक खरा.

तुम्ही भात ढवळत होता. म्हणालात, "शितावरून भाताची परीक्षा, हेच ना? पण शीत वरवरचं काढलंस तर तळाला काय झालंय ते कसं कळणार?"

"आप्पा, योगायोगाचा हिशेब यात धरलेला असतो."

"योगायोगाचा धरलास गो. पण तू कुणाला पाहिलंस आणि कुणाला पाहिलंच नाहीस, ते तुझं गणित कसं सांगेल? कामाची पोरं शेतात होती. कापणी झाली की परत ये."

दिवाळीपूर्वी प्रबंध द्यायचा होता. कापणीपर्यंत थांबले असते तर एक वर्ष गेलं असतं. हे खरं कारण मी सांगितलं नाही. मी म्हणाले, "तुम्हाला यातलं काय कळतं? फायनलच्या पुढे शिकला असतात तर बोलला असतात." तुम्ही पळी खाली ठेवलीत, मला वाढलंत आणि नंतर जेवायला बसलात.

प्रबंधाचं कौतुक झालं. त्यातला काही भाग निबंध म्हणून छापून आला. त्या वाडीच्या शाळेला चौथीचा वर्ग मिळावा म्हणून तुम्ही किती वर्षं अर्ज करत होतात, मला माहीत होतं. हिवाळा सरताना नकार आला आणि नकाराच्या कागदात माझ्या निबंधाचा आधार दिला होता: डोंगरी मुलांची पात्रता कमी, वरच्या वर्गाचा उपयोग नाही. तुम्ही मला एवढंच लिहिलंत, "कागदात तुझ्या निबंधाचा उल्लेख आहे. तुझं इंग्रजी चांगलं आहे असं मामलेदार म्हणाले."

त्याच पाकिटात आकड्यांचा एक ताव होता. मार्गशीर्षात तुम्ही तीनदा वाडीवर चढला होतात. आसपासच्या सगळ्या मुलांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिलीत, शाळेत येणारी, न येणारी, गुरांमागे असणारी, आणि एका म्हातारीला तांब्यातून वीस चिठ्ठ्या काढायला लावल्यात. मग मी मागे ठेवलेल्या छापील कागदांवरून, माझ्याच प्रश्नांनी त्या विसांची परीक्षा घेतलीत. असं करावं हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलेलं होतं, आणि मी केलं नव्हतं.

मी उलट टपाली उत्तर दिलं. तुम्ही या मुलांना ओळखता, तुमच्या हातून नकळत मदत झाली असेल, हे आकडे धरता येणार नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक काढता आली नसती. म्हणूनच ते वाक्य मला इतकं सोयीचं वाटलं. एखाद्या तिऱ्हाइताला पाठवून पुन्हा परीक्षा घ्यावी, असं मी सुचवू शकले असते. सुचवलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात हिवतापाने तुम्ही गेलात. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर तुमचा ताव घेऊन बसले आणि सगळं गणित मांडलं. महाडच्या मुलांशी अंतर उरलंच नव्हतं. होतं तेवढं कुठल्याही दोन वर्गांत सहज पडावं. मी ते दोनदा केलं, कारण पहिल्यांदा चुकलं असेल अशी आशा होती. त्यानंतर छापलेल्या निबंधावर दुरुस्ती पाठवायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. तोवर मला त्याच निबंधावर कॉलेजात शिकवायची नोकरी लागली होती. वाडीला चौथीचा वर्ग मिळाला तो खूप उशिरा. तोवर तुमच्या चिठ्ठ्यांवरची मुलं मुंबईला गिरण्यांत लागली होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत नमुना निवडण्याचा धडा आला की मी वर्गाला ही हकीकत सांगत आले, लावणी, ताप, तांब्या, सगळं. मुलं वह्यांत उतरवून घेतात. सुरुवात दरवर्षी एकच करते, "एक संशोधक होता." होता, आप्पा. यंदा निवृत्त व्हायचं म्हणून शेवटच्या तासाला खरं सांगायचं ठरवून गेले होते. उभी राहिले, आणि पुन्हा तेच म्हणाले.